धुळीतली साक्ष

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. किती झाली ते विचारू नका, मला ज्यांनी सांगितली त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण तेव्हा माणसं आजच्यासारखीच होती, म्हणजे जिंकायला उतावीळ आणि चूक कबूल करायला नाखूश. तेव्हा फार लांबची गोष्ट आहे असं समजून कुणी सैल बसू नये.

एका राज्यात दरवर्षी सुगी संपली की बैलगाड्यांची शर्यत व्हायची. शर्यतीची जागा म्हणजे एक आटलेलं तळं. तळ्याच्या मधोमध पांढऱ्या मातीचा एक लांबलचक पट्टा होता. पहिली गाडी त्यात शिरली की धुळीचा असा लोट उठायचा की आत काय चाललंय ते काठावरच्या हजार माणसांपैकी एकालाही दिसायचं नाही. गाड्या धुळीत शिरताना दिसायच्या आणि धुळीतून बाहेर येताना दिसायच्या. मधलं सगळं देवाला ठाऊक आणि गाडीवानाला.

म्हणून तिथे एक रीत पडली होती. शर्यत संपली की प्रत्येक गाडीवानानं पंचांसमोर यायचं, आपल्या बैलाच्या मानेवर हात ठेवायचा आणि धुळीत काय घडलं ते सांगायचं. याला धुळीची साक्ष म्हणत. गाडीवान सांगेल ते पंच खरं मानत, कारण दुसरा इलाजच नव्हता.

नियम मोजकेच होते. कुणाचं चाक दुसऱ्याच्या चाकाला लागून त्याचं नुकसान झालं, तर धडक देणाऱ्याचा नंबर एकानं खाली जायचा, बस. ज्याची गाडी स्वतःच्या हयगयीनं मोडली, त्याला तीन वर्षं शर्यत बंद, कारण ढिल्या चाकानं आणखी चारजणांचा जीव जाऊ शकतो. आणि जो साक्षीत खोटं बोलेल, त्याचा कासरा सगळ्यांसमोर कोयत्यानं तोडायचा. तो तुटला की त्या माणसानं जन्मात पुन्हा शर्यतीचा कासरा धरायचा नाही. हा शेवटचा नियम राजाच्या आजोबांनी घातला होता आणि त्याला कुणी कधी हात लावला नव्हता. सारी शर्यतच शब्दावर उभी होती. म्हातारे राजे चुकले होते असं मी म्हणणार नाही. पण पुढे ऐका.

त्या राज्यात सुभाना नावाचा एक गाडीवान होता. गाडी आणि बैल त्याचे नव्हते, वतनदारांचे होते. पण ती जोडी सुभानानं वासरं असल्यापासून हातानं वाढवली होती. एकाला रात्री पोटशूळ उठायचा आणि दुसऱ्याला आंबोण कोमट लागायचं, हे घरच्या माणसांच्या खोडी सांगाव्या तसं तो सांगत बसायचा. बायको म्हणायची, एवढं माझ्याबद्दल तरी ठाऊक आहे का यांना? सुभाना हसायचा आणि गोठ्याकडे जायचा. जोडी आता ऐन भरात होती. शर्यतीच्या बैलाची चांगली वर्षं म्हणजे दोन, फार तर तीन. मग तो नांगराला चांगला, पण धुळीत त्याचं काम नाही.

वतनदारांचं सांगायचं तर ते सात वर्षं ओळीनं दुसरे येत होते. सात वर्षं दुसरं येणं हे एकदा शेवटचं येण्यापेक्षा जास्त झोंबतं. जिंकणाऱ्याच्या दारावर वर्षभर राजाचं निशाण फडकायचं. ते निशाण समोरच्या गावात फडकताना बघून बघून वतनदारांची भूक गेली होती. या वर्षी मात्र त्यांचा इतका भरवसा होता की शर्यतीच्या आदल्या दिवशीच त्यांनी पाहुणे बोलावले आणि सकाळीच पुरण शिजायला टाकलं.

शर्यत सुटली. सगळ्यांत पुढे हरबाची गाडी होती. हरबा साधा शेतकरी. बैल त्याचे, गाडी त्याची, चाकंसुद्धा त्यानं आणि त्याच्या भावानं बाभळीच्या लाकडाची घरीच केलेली. प्रत्येक गावानं आपली चाकं आपल्या रंगानं रंगवायची अशी तिथली पद्धत होती. हरबाची चाकं गेरूनं लाल केलेली, वतनदारांची हळदीनं पिवळी. लाल चाकं धुळीत शिरली आणि त्यांच्या मागोमाग पिवळी.

धुळीत सुभानाला समोरचं काहीच दिसत नव्हतं. तो आवाजावर चालला होता. तेवढ्यात एक वावटळ उठली, डावा बैल बुजला आणि गाडी तिरकी झाली. चाकावर चाक आदळल्याचा आवाज सुभानाला स्पष्ट ऐकू आला. मग काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि एक माणूस ओरडला. सुभानानं कासरा खेचायचा प्रयत्न केला, पण भरात आलेली जोडी त्याला ओढतच घेऊन गेली. धुळीतून पहिली बाहेर आली ती पिवळी चाकं. काठावर एकच गलका झाला.

आता इथे आणखी एक रीत सांगायला हवी. गाडी थांबली की मालकानं आपल्या गाडीवानाला लोटाभर गूळपाणी द्यायचं आणि मग त्यानं पंचांकडे जायचं. उन्हातान्हातून धावून आलेल्या माणसाची ही माया होती. वतनदार लोटा घेऊन धावत गेले. सुभानाचा चेहरा बघताच त्यांनी ओळखलं की काहीतरी झालंय. सुभानानं दोन वाक्यांत सांगून टाकलं आणि म्हणाला की एकच नंबर खाली जाऊ, धनी, पुढच्या वर्षी बघू.

वतनदारांनी चाकाकडे पाहिलं. पिवळ्यावर गेरूचा लाल ओरखडा होता. त्यांनी आवाज खाली घेतला.

"एक शब्द बोलायचा नाही. त्याची गाडीच मोडकी होती असं समज. आणि बोललास, तर उद्यापासून ही जोडी तुझ्या हाती राहायची नाही."

सुभानानं गूळपाणी घेतलंच नाही. तो तसाच पंचांसमोर गेला. डाव्या बैलाच्या मानेवर त्यानं हात ठेवला. बैल अजून धापा टाकत होता. सुभाना म्हणाला की धुळीत काही झालं नाही, आपली गाडी सरळ आली. इतकंच बोलायला त्याला केवढा वेळ लागला. पण लोकांना वाटलं, दमला असेल.

मग हरबा आला. मोडकी गाडी चौघांनी उचलून आणली होती. चाकाचे दोन आरे तुटलेले, फरफटून रंग सगळा खरवडलेला, हरबाचं कोपर सोललेलं. त्यानं बैलाच्या मानेवर हात ठेवून सांगितलं की मागून काहीतरी आदळलं. काय ते दिसलं नाही, तेव्हा कुणाचं नाव घेणार नाही. चाक मात्र घट्ट होतं, ते मी स्वतः ठोकलंय. पंचांनी बाकीच्या गाडीवानांना विचारलं. ते खूप मागे होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. धडक दिली असं कुणीच म्हणेना. मग चाक आपोआप मोडलं, असाच अर्थ निघत होता.

पंचांमध्ये थोरले होते कोंडाजीबाबा. तीस वर्षं ते या काठावर बसत होते. त्यांनी निकाल लगेच दिला नाही, दुपार कलल्यावर देऊ म्हणाले.

इकडे वतनदारांनी पहिलं काम काय केलं, तर आपल्या गड्याकडून ते चाक स्वच्छ धुऊन घेतलं. शहाणा माणूस घाबरला की किती खुळेपणा करतो त्याचा हा नमुना. त्या राज्यात जिंकलेल्या गाडीचं चाक तीन दिवस कुणी धूत नसे. गावोगावची माणसं त्या चाकाची धूळ चिमूटभर न्यायची आणि आपल्या गाडीच्या चाकाला लावायची. धूळ न्यायला पहिली आली ती एक म्हातारी. तिनं चाकाला हात लावला आणि ओला हात तसाच पुढे धरून ती थेट कोंडाजीबाबांकडे गेली. जिंकलेलं चाक धुतलेलं मी जन्मात पाहिलं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

कोंडाजीबाबा स्वतः जाऊन बघून आले. चाक का धुतलं म्हणून विचारलं तर वतनदार म्हणाले, शेण लागलं होतं. बाबा आपल्या जागी येऊन बसले.

दुपार कलली. सगळे पुन्हा जमले. बाबांनी उभं राहून सांगितलं की ओलं चाक ही काही साक्ष नव्हे. धुतल्यानं संशय वाढला आणि पुरावा गेला. नुसत्या संशयावर आम्ही कुणाचा कासरा तोडत नाही. सुभानाची साक्ष उभी आहे, तेव्हा शर्यत वतनदारांची आणि हरबाला तीन वर्षं बंदी.

हरबानं वाद घातला नाही. तो आपल्या बैलांकडे गेला, त्यांच्या शिंगांचे शर्यतीचे गोंडे सोडले, मानेवरून हात फिरवला आणि हलकेच म्हणाला, "चला बाबांनो, आपली शर्यत सरली. आता नांगर धरू."

सुभाना दहा पावलांवर उभा होता. त्याला ते ऐकू गेलं. हरबाची जोडीही ऐन भरातली होती. तीन वर्षांनी ती म्हातारी होणार. म्हणजे बंदी तीन वर्षांची म्हणायची, पण त्या दोन बैलांपुरती ती कायमचीच होती. हे दुसऱ्या कुणाला कदाचित चटकन कळलं नसतं. सुभानाला कळलं, कारण रोज सकाळी गोठ्यात जाऊन तो हाच हिशोब आपल्या जोडीसाठी मांडायचा. जोडी आपल्या हातून जाऊ नये म्हणून तो खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यानं हरबाची जोडी हरबाच्या हातून गेली होती.

मला इथे सुभानाचं फार वाईट वाटतं. तो आता गप्प राहिला असता तर त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. निकाल झाला होता, पुरावा धुऊन गेला होता, वतनदारांच्या गढीवर पुरणपोळी तयार होती. बोलला असता तर कासरा जन्माचा तुटणार होता. जगात असे प्रसंग येतात की खरं बोलणाऱ्याच्या पदरात नुकसानाखेरीज काही पडत नाही. त्याला गप्प राहावंसं वाटलं असेल, तर मी तरी त्याला नावं ठेवणार नाही.

पण तो पुढे आला. त्यानं बैलाच्या मानेवर हात ठेवला नाही, दोन्ही हात जोडले.

"बाबा, धडक म्या दिली. हरबाचं चाक चांगलं व्हतं. सकाळी म्या खोटं बोललो."

मग मागून कुणीतरी कासरा तोडा म्हणून ओरडलं आणि पाहता पाहता सगळा काठ तेच ओरडू लागला. सकाळी ज्यांनी पिवळी चाकं बघून गलका केला होता, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आणि सर्वांत पुढे येऊन बोलले ते वतनदार. असल्या खोटारड्याला माझ्या दारात जागा नाही, नियमाप्रमाणे होऊ द्या, जोडीला मी दुसरा गाडीवान बघतो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

कोंडाजीबाबांनी हात वर केला. त्यांनी सुभानाला विचारलं की तुला असं बोलायला कुणी सांगितलं. सुभाना खाली बघत म्हणाला, "जीभ माझीच व्हती, बाबा."

मग बाबा वतनदारांकडे वळले. "धनी, सकाळी तुम्ही गूळपाण्याचा लोटा घेऊन गेलात. लोटा भरलेला परत आला. तहानलेला माणूस पाणी घेत नाही आणि मालक त्याच्या कानाशी लागतो, हे मी इथे बसून बघत होतो. तेव्हाच मी विचारायला हवं होतं. तुम्ही मोठे, म्हणून विचारलं नाही. ती चूक माझी. आता विचारतो. या बैलाच्या मानेवर हात ठेवा आणि सांगा, तुमचं काय बोलणं झालं?"

वतनदार बैलापर्यंत गेले. हात उचलला. बैलानं त्यांच्याकडे मान वळवली, आणि तो हात तसाच खाली आला. मग आणखी कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

पाच पंच बाजूला बसले. त्यांतल्या एका तरुण पंचाचं म्हणणं होतं की नियम तो नियम. आज सुभानाची दया आली म्हणून सूट दिली, तर उद्या प्रत्येकजण खोटं बोलेल आणि पकडला गेला की हात जोडेल. बोलणं चुकीचं नव्हतं. बाकीच्यांनी मानाही हलवल्या.

कोंडाजीबाबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी साक्षी ऐकतोय. 'मी मघाशी खोटं बोललो' असं सांगायला एकही माणूस माझ्याकडे परत आला नाही. मला वाटायचं, आपल्या राज्यात कुणी खोटंच बोलत नाही. केवढा अभिमान होता मला. आज कळलं. परत येणाऱ्याचाही कासरा तोडायचा आणि न येणाऱ्याचाही, तर येईल कोण? आपण दार लावून घेतलं होतं आणि बाहेर कुणी नाही म्हणत होतो."

तरुण पंचानं विचारलं, मग शिक्षाच द्यायची नाही का?

बाबा म्हणाले की द्यायची, नाहीतर हरबाच्या कोपराला काय उत्तर देणार? पण ती मापानं द्यायची. माप काय घ्यावं ते मात्र त्यांनाही सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी हरबालाच बोलावलं, कारण ज्याला लागलं त्याला विचारल्याशिवाय शिक्षेचं माप ठरवणं त्यांना बरं वाटेना.

हरबानं थोडा विचार केला. सुभानाकडे पाहिलं. राग होताच, तो लपवला नाही त्यानं. म्हणाला, "त्याच्या शब्दानं मला तीन वर्सं लागली व्हती. तीच त्याला द्या. त्याहून कमी नको. आन जास्तबी नको."

तोच निकाल झाला. सुभानाला तीन वर्षं कासरा बंद, पण तोडायचा नाही, पंचांकडे जपून ठेवायचा. वतनदार दुसऱ्याच्या तोंडानं खोटं बोलले, म्हणून त्यांच्या पिवळ्या चाकांनाही तीन वर्षं बंदी. जोडी कुणाच्याही हातानं धावणार नाही. हरबाची बंदी उठली, आणि धडक बसली तेव्हा पुढे तोच होता म्हणून पहिला नंबरही त्याचाच. आणि कोंडाजीबाबांनी स्वतःलाही सोडलं नाही. त्या वर्षीचा पंचाचा मानाचा फेटा त्यांनी उतरवून ठेवला. शिवाय दोन नियम बदलले. गाडीवान धुळीतून निघाला की थेट पंचांकडे येईल, मध्ये कुणी भेटणार नाही, आणि गूळपाणी साक्षीनंतर पंच स्वतःच्या हातानं देतील. दुसरा नियम असा की जो शर्यतीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, आपण होऊन खरं सांगायला येईल, त्याचा कासरा तुटणार नाही. त्यानं दुसऱ्यावर जेवढं ओढवलं असेल तेवढंच तो भोगेल. जो शेवटपर्यंत येणार नाही, त्याच्यासाठी आजोबांचा कोयता आहेच.

त्या संध्याकाळी गढीवर पुरणपोळ्या उरल्या. पाहुणे आले होते, पण कुणाला घास गोड लागला नाही.

सुभानाची तीन वर्षं सोपी गेली नाहीत, ते मी लपवणार नाही. वतनदारांनी जोडी नांगराला जुंपली. सुभाना दुसऱ्याच्या शेतावर राबायचा आणि येता-जाता बांधावर उभा राहून ती जोडी बघायचा. बैल त्याला बघून थांबायचे आणि गडी त्यांना हाकलायचा. तिसऱ्या वर्षी त्यांच्या चालीत जडपणा आला तो त्याला सगळ्यांच्या आधी दिसला. हरबा त्याच्याशी पहिलं वर्षभर बोललाच नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं नवी चाकं ठोकायला सुभानाला हाक मारली. दोघंही दिवसभर चाकाविषयीच बोलले. चौथ्या वर्षी पंचांनी सुभानाला त्याचा कासरा परत दिला. एका शेतकऱ्याची साधीशी जोडी घेऊन तो धावला आणि पाचवा आला. शर्यतीनंतर कोंडाजीबाबांनी त्याला गूळपाणी दिलं आणि त्यानं लोटा एका दमात संपवला.

त्याच वर्षी राजा शर्यत बघायला आला होता. साक्षी सुरू झाल्या. एक गाडीवान म्हणाला, माझं चाक लागलं, माझा नंबर खाली घ्या. दुसरा म्हणाला, मी आत घुसलो. तिसरा साक्ष देऊन गेला होता, तो थोड्या वेळानं मान खाली घालून परत आला आणि म्हणाला की मघाशी सांगितलं ते खरं नव्हतं. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या आजोबांच्या वेळी एवढ्या चुका ऐकल्या नव्हत्या, ही शर्यत बिघडत चालली आहे की काय, असं त्यानं विचारलं.

कोंडाजीबाबा उठून उभे राहिले.

"महाराज, धुळीत एवढंच सगळं तेव्हाही घडत होतं. आम्हाला ते आत्ता ऐकू येतंय."

राजानं तिसऱ्या गाडीवानाला जवळ बोलावलं आणि पाठीवर हात ठेवून त्याचं नाव विचारून घेतलं.

तात्पर्य: खोट्याला शिक्षा हवीच, पण ती केलेल्या नुकसानाएवढी असावी, आणि परत येऊन खरं सांगणाऱ्याला दार उघडं असावं.